गेलेली दाढ : पूल की रोपण?



ज्या व्यासपीठावरून राज्यघटना, संतवाङ्मय आणि देशाचे अर्थकारण ह्यांचा ऊहापोह व्हावयाचा, त्या व्यासपीठावरून आज एका दाढेचे आख्यान लावावयाचे आहे. काहींना हा विषय सभेपेक्षा दवाखान्याला शोभणारा वाटेल. परंतु आम्हांला असे वाटते की, जी गोष्ट दर घासाला आठवण करून देते ती लहान म्हणता येत नाही. शिवाय दवाखान्यातील खुर्ची ही विचार करण्याची जागा नव्हे. तेथे तोंड उघडे असते, मनात भीती असते, खर्चाचा आकडा कानांत घुमत असतो, आणि अशा अवस्थेत माणूस ‘तुम्ही म्हणाल तसे’ एवढेच म्हणू शकतो. म्हणून तो विचार येथे, निवांतपणे, करावा ह्या हेतूने आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रश्न असा आहे : एक दात गेला, आजूबाजूचे शाबूत आहेत, तर त्या मोकळ्या जागी ब्रिज म्हणजे पूल बसवावा, की इम्प्लांट म्हणजे रोपण करावे? लोक आम्हांला विचारतात, ‘दोहोंत चांगले कोणते?’ ह्यावर आमचा उलट प्रश्न असतो : विहीर चांगली की नळ? आता ह्याचे उत्तर विहिरीकडे किंवा नळाकडे पाहून देता येत नाही. जमिनीखाली पाणी आहे काय, गावात नळाची योजना आहे काय, घरात माणसे किती, हे सारे पाहावे लागते. दाढेचेही तसेच आहे. उत्तर पुलात नाही आणि रोपणातही नाही. ते त्या माणसाच्या तोंडात आहे. ते शोधावयाचे कसे, एवढेच आज पाहू.

प्रथम, दात जातो कोणता? बहुधा जाते ती पहिली मोठी दाढ. ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, नव्या जागेवर उगवते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे घरातील मोठ्या माणसांना तिच्या आगमनाची वार्ताच नसते. ती किडली तर ‘दुधाचीच आहे, पडेल आणि दुसरी येईल’ असे म्हणून दुर्लक्ष होते. ती पडते खरी, पण दुसरी येत नाही. बत्तिशीतील सर्वांत कष्टाळू दाढ अशा रीतीने एका गैरसमजापायी जाते. येथे जमलेल्या मातापित्यांनी आणखी काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल; घरातील सहा वर्षांच्या मुलाचे तोंड आज रात्री दिव्याखाली पाहावे, एवढी आमची विनंती आहे.

दाढ गेली म्हणजे पुढे काय होते? समोरच्या जबड्यातील तिची जोडीदारीण हळूहळू लांबू लागते, कारण तिला थोपवून धरणारे कोणी उरलेले नसते. मागची दाढ पुढे कलते. फटी पडतात, त्यांत अन्न अडकते, तेथे कीड धरते. आणि माणूस नकळत एकाच बाजूने चावू लागतो. प्रत्येकाच्या तोंडात हे सारे घडतेच असे नाही. कित्येकांचे दात वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतात. परंतु एक गोष्ट मात्र सहसा चुकत नाही. ज्या हाडात दाढेची मुळे रोवलेली होती ते हाड ओसरू लागते. दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने कमी होऊ शकते, आणि त्यातलाही मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो. म्हणून ‘पुढे पाहू’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, पुढे पाहावयास जाऊ तेव्हा जमीन तेवढीच राहिलेली नसेल.

आता पुलाकडे वळू. पूल म्हणजे काय, हे नदीवरील पुलावरूनच समजते. दोन तीरांवर दोन खांब आणि मध्ये प्रवाहावर कमान. तोंडात हे दोन खांब म्हणजे मोकळ्या जागेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दात. त्या दोघांना चहूबाजूंनी घासून लहान करावयाचे, त्यांचा साचा घ्यावयाचा आणि तीन दातांचा एकसंध तुकडा करून तो सिमेंटने पक्का बसवावयाचा. दोन टोकांच्या दोन टोप्या आधाराच्या दातांवर बसतात आणि मधला खोटा दात हिरडीला जेमतेम टेकून राहतो. आतून धातू व बाहेरून चिनी मातीचा थर, किंवा अलीकडे झिर्कोनिया नावाचा पांढरा, अत्यंत टणक पदार्थ त्यासाठी वापरतात. काम सामान्यतः दोन-तीन खेपांत, पंधरवड्याच्या आत उरकते. हिरडी कापावी लागत नाही, हाडाला हात लावावा लागत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. इटलीत एट्रुस्कन नावाचे लोक होते. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमारास ते सोन्याच्या पट्टीने खोटा दात शेजारच्या खऱ्या दातांना जखडून बसवीत. त्या पट्ट्या उत्खननांत सापडल्या आहेत. तेव्हा पुलाच्या मागे अडीच हजार वर्षांहून अधिक अनुभव आहे असे म्हणावयास हरकत नाही. एट्रुस्कनांची पट्टी शेजाऱ्याला नुसती मिठी मारीत असे; आमचा आजचा पूल शेजाऱ्याला घासून लहान करतो, एवढा फरक मात्र आहे.

आणि नेमकी हीच पुलाची खरी किंमत आहे. बिलात लिहिलेली नव्हे, बिलात न लिहिलेली. टोपी बसण्यासाठी दाताचा सर्व बाजूंनी सुमारे एक ते दोन मिलिमीटर थर काढावा लागतो. ऐकण्यात हे किरकोळ वाटते. पण दात तो केवढा! वजनाने मोजल्यास हिरडीवर दिसणाऱ्या दाताचा निम्म्याहून अधिक भाग ह्या घासणीत जातो. दाताचे वरचे कवच हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ, आणि तो एकदा गेला की शरीर तो पुन्हा बनवीत नाही. हाड सांधते, कातडी भरते, केस उगवतात. दाताचे कवच उगवत नाही. घासलेल्या दाताची नस काही वेळा पुढे मरते. दहा वर्षांच्या काळात साधारण दहांत एका आधारदाताचे असे होते, आणि मग रूट कॅनॉल आले. टोपीच्या कडेखाली कीड शिरली तर ती लवकर कळत नाही, आणि कळते तेव्हा दोन खांबांपैकी एक पोखरलेला असतो. खांब गेला की पूल गेला. एका दाताच्या जागी आता दोन दातांची जागा मोकळी. ज्या शेजाऱ्याचा काही अपराध नव्हता, त्याने शेजारधर्मापायी आपले घर गमावावे, असा हा प्रकार होतो.

ह्याच अन्यायावर उपाय म्हणून रोपणाची कल्पना पुढे आली. शेजाऱ्याला हात न लावता, गेलेल्या दाताच्या जागीच नवे मूळ रोवावे आणि त्यावर दात बसवावा. कल्पना नवी नाही. मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात १९३१ साली जुन्या माया लोकांचा एक खालचा जबडा सापडला. त्यात पुढील दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे ठोकून बसविलेले होते. परंतु हाडात परकी वस्तू रोवली की शरीर तिला बाहेर ढकलते किंवा तिच्याभोवती मऊ पेशींचे वेष्टन तयार करून तिला वेगळी पाडते. लोखंड, सोने, अनेक धातू वापरून झाले. बहुतेक अपयशी ठरले.

यश आले ते दातांचा विचारही न करणाऱ्या एका संशोधकाला. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे हाडाच्या आतील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची एक बारीक नळीवजा खिडकी बसवली. काम संपल्यावर ती महागडी खिडकी काढून घ्यावी म्हणून गेले, तो ती निघेना. हाड धातूला असे घट्ट चिकटले होते की, दोहोंना वेगळे करणे शक्य नव्हते. सामान्य माणूस चडफडला असता. ब्रोनेमार्क विचार करू लागले. हाड ज्याला आपला म्हणते असा धातू सापडला, तर त्याचा उपयोग काय काय होईल? पुढे गोथेनबर्ग येथे १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या गृहस्थांच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवले. ह्या गृहस्थांना जन्मतः जबड्याचे व्यंग होते आणि खालच्या जबड्यात दात नव्हते. लार्सन २००६ साली वारले, तोवर ते खुंट चाळीस वर्षांहून अधिक काळ काम देत होते. तरीही वैद्यकाच्या जगाने ही गोष्ट सहज मानली नाही. १९८२ साली कॅनडातील टोरोंटो येथे भरलेल्या परिषदेत ब्रोनेमार्कांनी आपला पुरावा मांडला, त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली.

टायटॅनियम म्हणजे काही परलोकीची वस्तू नव्हे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळसर जड वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज आहे. त्यात हाच धातू असतो. हवा लागताच त्याच्या पृष्ठभागावर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो, आणि त्या पापुद्र्याशी हाडाचे वैर नाही. म्हणून हाड त्याच्या अंगाला येऊन भिडते.

रोपणाचे काम असे चालते. प्रथम जबड्याचे त्रिमितीय क्ष-किरण चित्र घेऊन हाडाची उंची व रुंदी मोजतात. खालच्या जबड्यात ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस हाडातून जाते. तिला धक्का लागता कामा नये. वरच्या जबड्यात दाढांच्या वर हवेची पोकळी असते. तिच्यात खुंट शिरता कामा नये. मग हिरडी बधिर करून हाडात भोक पाडतात. हे काम थंड सलाइनच्या धारेखाली आणि सावकाश करावे लागते, कारण हाड सुमारे ४७ अंश सेल्सिअसपर्यंत एक मिनिटभर तापले तरी त्याला इजा होते. त्या भोकात स्क्रूसारखा आटे असलेला खुंट पिळून बसवतात आणि सामान्यतः दोन ते सहा महिने हाडाला त्याच्याशी जुळू देतात. त्यानंतर वर जोड बसवून त्यावर दात चढवतात. काही निवडक माणसांत हा काळ कमी करता येतो, परंतु ‘आज खुंट, आज दात’ ही प्रत्येकाला लागू पडणारी रीत नव्हे. ज्यांचे हाड ओसरले आहे त्यांना आधी हाड भरावे लागते. तेव्हा काळही वाढतो आणि खर्चही. एरवीही एका रोपणाचा खर्च बहुधा तीन दातांच्या पुलाहून अधिक असतो.

रोपणाचे गुण सांगितले, आता त्यातील उणे सांगितले पाहिजे. खरा दात हाडात थेट रोवलेला नसतो. मूळ आणि हाड ह्यांच्यामध्ये तंतूंची एक पातळ गादी असते. ती गादी धक्का सोसते आणि मेंदूला वर्दीही देते. भातातला बारीक खडा दाताखाली येताच जबडा आपोआप थांबतो, तो ह्या गादीमुळे. रोपणाला ही गादी नसते. ते हाडाशी एकजीव झालेले असते. म्हणून पक्के असते, पण बधिरही असते. त्याच्या वरचा दात बसवताना चावा बारकाईने जुळवावा लागतो, नाहीतर आपल्याला न कळता त्याच्यावर भार पडत राहतो आणि मग जोडाचा स्क्रू ढिला होतो किंवा चिनी मातीचा टवका उडतो.

दुसरे असे की, रोपण किडत नाही हे खरे. परंतु म्हणून त्याची निगा नको असा अर्थ करणे घातक आहे. खुंटाभोवतीची हिरडी सुजते, मळ साचतो आणि ज्या हाडाने त्याला आपले म्हटले तेच हाड खंगू लागते. ज्यांचे पूर्वीचे दात हिरड्यांच्या रोगाने गेले त्यांना हा धोका अधिक. तंबाखू व धूम्रपान करणाऱ्यांची गोष्ट तर वेगळीच. धूम्रपान करणाऱ्यांत रोपण निकामी होण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला आहे. आमच्याकडे विडी-सिगारेट न ओढणारी कित्येक घरे सकाळी मिश्रीचा डबा मात्र उघडतात, आणि त्याला ‘दात घासणे’ म्हणतात! ती तंबाखूच आहे.

मग अनुभव काय सांगतो? निरनिराळ्या देशांत झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब २००७ साली युरोपातील संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यात दहा वर्षांनंतर दातांवर आधारलेले सुमारे ८९ टक्के पूल जागेवर होते, आणि एकेका रोपणावरील दातांचे प्रमाणही सुमारे ८९ टक्केच होते. म्हणजे टिकाऊपणाच्या शर्यतीत दोघे बरोबरीने धावतात. उलट किरकोळ कटकटी पाहू जाता, रोपणांवर उभारलेले पूल वापरणाऱ्यांपैकी ३८.७ टक्के लोकांना पहिल्या पाच वर्षांत काही ना काही दुरुस्ती वा उपचार लागला, तर नेहमीच्या पुलांत हेच प्रमाण १५.७ टक्के होते. तेव्हा ‘इम्प्लांट म्हणजे जन्माची ददात मिटली’ असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. आणि ‘पूल म्हणजे जुनी, टाकाऊ पद्धत’ असे कोणी म्हणत असेल तर तेही खरे मानू नये.

आता कोणी म्हणेल, दोघे बरोबरीचे तर निवड कशावर करावयाची? ती शेजाऱ्यांवर. पूल मोडतो तेव्हा तो शेजाऱ्याला घेऊन मोडतो. रोपण मोडते तेव्हा एकटे मोडते. ह्या एका वाक्यात आमच्या आजच्या भाषणाचे सार आहे. ते नीट कळावे म्हणून चार माणसे डोळ्यांसमोर आणू.

पहिली, तीस वर्षांची एक शिक्षिका. खालची पहिली दाढ गेली आहे, दोन्ही बाजूंचे दात मोत्यासारखे निर्मळ, प्रकृती उत्तम. अशा बाईचे दोन निरोगी दात घासणे आम्हांला पटत नाही. तिच्यापुढे आणखी चाळीस-पन्नास वर्षांचे जेवण आहे. तिने रोपण करावे. पैसे आज नसतील तर थोडे थांबावे, पण दात घासून घेऊ नयेत.

दुसरे, पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ. त्यांचीही तीच दाढ गेली आहे. पण शेजारच्या दोन्ही दातांत रूट कॅनॉल झालेले, मोठाली भरणे भरलेली आणि टोप्या नाहीतरी घालावयाच्याच आहेत. येथे शेजाऱ्यांचे वेगळे नुकसान करावयाचे राहिलेले नाही. अशा ठिकाणी, त्या दातांची मुळे भक्कम असतील तर, पूल हाच शहाणपणाचा मार्ग. एका कामात तीन कामे होतात.

तिसरे, साठीचे एक आजोबा. मधुमेह आहे पण ताब्यात नाही, तंबाखू चालू, हिरड्यांतून रक्त येते, दोन-तीन दात हलतात. ह्यांना आज पूलही नको आणि रोपणही नको. हलत्या खांबांवर पूल कोण बांधील? आणि जी जखम भरत नाही तीत खुंट कशासाठी रोवावा? आधी हिरड्यांचे उपचार, तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, तंबाखूला रजा. तोवर काढघाल करता येणारी लहान कवळी चालेल. साखर ताब्यात आली की मधुमेही माणसालाही रोपण करता येते. मधुमेह हा मज्जाव नव्हे, बेफिकिरी हा मज्जाव आहे.

चौथा, सोळा वर्षांचा मुलगा. क्रिकेटच्या चेंडूने समोरचा दात गेला. आईबापांना घाई असते, मुलाला लाज वाटत असते. परंतु ह्याचा जबडा अजून वाढत आहे. शेजारचे खरे दात त्या वाढीबरोबर सरकतील. हाडाशी एकजीव झालेला खुंट सरकणार नाही. काही वर्षांनी तो दात खड्ड्यात बसल्यासारखा दिसेल. म्हणून वाढ पुरी होईपर्यंत शेजारच्या दाताला मागून चिकटवावयाचा हलका पूल बसवावा. त्याला फारशी घासणी लागत नाही. हा अधूनमधून सुटतो, पुन्हा चिकटवता येतो. येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. असा पक्का दात मुळासकट बाहेर पडला तर तो फेकू नये, मुळाशी धरू नये, घासू नये. दुधात ठेवून शक्यतो तासाभराच्या आत दंतवैद्याकडे धाव घ्यावी. पुष्कळदा तोच दात पुन्हा बसवता येतो.

आणि पाचवा मार्ग आहे, तो कोणी सहसा सांगत नाही : काहीच न करणे. सर्वांत मागची दाढ गेली असेल, चावण्याला अडचण नसेल, बाकीचे दात स्थिर असतील, तर ती जागा मोकळी राहू द्यावी. नेदरलंडमधील कायझर नावाच्या दंतवैद्यांनी १९८१ साली हेच मांडले की, पुढचे सर्व दात आणि दोन्ही बाजूंच्या उपदाढा शाबूत असतील तर पुष्कळ माणसांचे जेवण चांगले चालते. जपानने १९८९ साली जी मोहीम सुरू केली तिचे ध्येयही ऐंशीव्या वर्षी आपले स्वतःचे वीस दात असावेत एवढेच होते, बत्तीस नव्हे. प्रत्येक मोकळी जागा भरलीच पाहिजे असा शास्त्राचा दंडक नाही.

येथे आम्हांला दोन गोष्टी थोड्या कठोरपणे बोलावयाच्या आहेत. पहिली आमच्या व्यवसायाविषयी. रोपणाची सोय झाल्यापासून दात वाचविण्याची चिकाटी कमी झाली की काय, अशी शंका येते. ‘हा दात काढून टाकू, त्या जागी नवा घालू’ हे वाक्य हल्ली सहज कानांवर पडते. लक्षात ठेवा, रोपण ही गेलेल्या दाताची भरपाई आहे. असलेल्या दाताला पर्याय नव्हे. ज्या दाताची नस मेली आहे, पण मूळ भक्कम आहे, तो रूट कॅनॉल करून आणि वर टोपी घालून कित्येक वर्षे काम देतो, आणि ती तंतूंची गादी त्याच्यापाशी शिल्लक असते. वाचणारा दात उपटून रोपण करणे म्हणजे चालते घर पाडून तंबू ठोकण्यासारखे आहे, मग तो तंबू कितीही देखणा असो. दात काढावयाचा सल्ला मिळाला आणि मन घेत नसेल, तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे. त्यात पहिल्याचा अपमान नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरांविषयी. आम्ही वारंवार पाहतो की, घरातील कर्त्या पुरुषाचा समोरचा दात गेला तर आठवड्याच्या आत सारे घर हलते. त्याच घरातील आईच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या असतात. ती भाकरी आमटीत भिजवून खाते, शेंगदाण्याचे कूट करून घेते, आणि ‘माझे काय अडले आहे?’ म्हणते. अडलेले असते. हळूहळू तिच्या ताटातून काकडी, गाजर, हरभरे, उसळी नाहीशा होतात आणि भाताची मऊ खिमट उरते. आपल्यात म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. घराची स्थिती सुधारून चणे आले तोवर त्या माउलीचे दात गेले, हे म्हणीचे उत्तरार्ध आपल्याच स्वयंपाकघरात खरे होत असते. तिला रोपण परवडत नसेल तर साधी काढघाल करता येणारी कवळी आणा; पण तिच्या दाढेचा प्रश्न घराच्या यादीत चढवा.

आता निरोप घेण्यापूर्वी, खुर्चीत बसण्याआधी विचारावयाचे काही प्रश्न देतो. ते कागदावर लिहून न्यावेत. माझा हा दात वाचणारच नाही काय? शेजारचे दात निरोगी आहेत काय, आणि पुलासाठी ते किती घासावे लागतील? हाड पुरेसे आहे काय, की भरावे लागेल? काहीच केले नाही तर माझे काय बिघडेल? एकूण खर्च किती, म्हणजे चित्रे, खुंट, जोड आणि वरचा दात मिळून? खुंट कोणत्या कंपनीचा, त्याचे कार्ड मला मिळेल काय? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु दहा वर्षांनी दुसऱ्या गावी स्क्रू ढिला झाला, तर त्या कार्डावाचून तिथला दंतवैद्य अंधारात चाचपडतो.

आणि दंतवैद्याने न विचारताही आपण होऊन सांगावयाच्या गोष्टी : साखर, तंबाखू, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, जबड्याला पूर्वी दिलेले किरणोपचार, आणि हाडे ठिसूळ झाल्याबद्दल घेत असलेली औषधे वा इंजेक्शने. ह्या शेवटच्या औषधांमुळे दात काढल्यावर वा हाडात काम केल्यावर जखम न भरण्याचा धोका काहींना संभवतो. कोणतीही गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. ज्यांनी दिली त्यांना विचारावे.

पूल घ्या किंवा रोपण घ्या, रोजची निगा कोणालाच चुकत नाही. पुलाच्या मधल्या दाताखालून आणि रोपणाच्या भोवतालून बारीक ब्रश किंवा दोरा फिरवण्यास दोन मिनिटे पुरतात, आणि सहा महिन्यांनी एकदा तपासणी पुरते. एवढे न करणाऱ्याला दोहोंपैकी काहीही देऊ नये, असे आम्हांला कधी कधी वाटते. पण वैद्याला असे म्हणण्याचा अधिकार नाही, म्हणून आम्ही येथे येऊन सांगतो.

श्रोतेहो, पूल आणि रोपण ही दोन्ही माणसाच्या बुद्धीची उत्तम फळे आहेत. त्यांत कोणी श्रीमंताचा आणि कोणी गरिबाचा असा भेद मनात आणू नये, आणि स्वस्त मार्ग पत्करल्याची लाज बाळगू नये. निर्मळ शेजाऱ्याला इजा न व्हावी, वाचणारा दात वाचावा, आणि आपल्या प्रकृतीला व खिशाला पेलेल तेच करावे, ह्या तीन कसोट्यांवर जो निर्णय उतरेल तो योग्य निर्णय. तो निर्णय तुमचा आहे. दंतवैद्याचे काम तो नीट पार पाडण्याचे आहे.